मुलीच्या पाठीला बाक : दप्तर, बसणं की आणखी काही?

मोरपंखी_दुपार
मंडळी, इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

लेक १३ पूर्ण. नवीन ड्रेस घातला तर एक बाजू वर दिसायला लागली, आधी वाटलं शिवणच तिरपी आहे म्हणून उसवून परत शिवला, तरी तेच. मग तिला पाठमोरी उभी करून पुढे वाकायला सांगितलं तर उजवीकडच्या बरगड्या डावीपेक्षा चांगल्याच उचललेल्या. ऑर्थोंनी एक्सरे काढला. कर्व्ह छातीच्या भागात, उजवीकडे, २४ डिग्री, रिझर १ (एक्सरेत कमरेचं हाड किती पक्व दिसतं त्याचा आकडा, ० ते ५). पाळी अजून सुरू झालेली नाही. डॉक्टर म्हणाले या वयात मुलींमध्ये दिसतं, खास कारण नसतं, चार महिन्यांनी परत दाखवा. संपलं. बाहेर रांग होती त्यामुळे माझे प्रश्न तोंडातच राहिले.

घरी मात्र कारणांना तोटा नाही. सासूबाई म्हणतात दप्तराचं ओझं, नवरा म्हणतो मोबाईल घेऊन वेडंवाकडं लोळणं, बहीण म्हणते कॅल्शियम कमी पडलं, आणि नणंदेच्या मते मी तिला लहानपणी एकाच कडेवर घेऊन फिरायचे म्हणून. हे शेवटचं जरा लागलं. म्हणून नेटवर शोधायला बसले तर तिथे त्याहून भयंकर, हृदयाचे आजार, मज्जारज्जूत पाणी, स्नायूंचे आजार, कातडीवरचे डाग, सगळ्याशी याचा संबंध लावलेला. मग "खास कारण नसतं" हे खरं की शोधलंच नाही? कुठल्या आजारांबरोबर हे येतं आणि ते आहेत की नाहीत हे कळतं कसं? ज्यांना अनुभव आहे त्यांनी लिहा प्लीज.

चष्मेबद्दूर
कडेवरच्या थिअरीने अख्खी मानवजात एका बाजूला कललेली पाहिजे. नणंदबाईंना दंडवत. ताई, तुम्ही आधी नीट झोपा. बाकी जाणकारांच्या प्रतीक्षेत.

खडूस_आजोबा
हसण्यावारी नेऊ नका. आमच्या वेळी ताठ बसलं नाही तर पाठीत धपाटा मिळायचा, तेव्हा कुठे होते हे असले आजार? आताची पोरं बसतात कशी ते बघा एकदा. मान पुढे, पाठ मागे, कंबर खुर्चीच्या टोकावर. होणारच की बाक.

दीड_पायरी
आजोबा, तेव्हाही होते, शर्टाखाली झाकलेले. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड १४८५ साली लढाईत मेला, त्याचा सांगाडा २०१२ मध्ये लेस्टर गावात एका कार पार्कखाली सापडला. कणा चांगलाच वळलेला. अभ्यासकांनी मणके जुळवून अंदाज काढला तो ६५ ते ८५ डिग्री, आणि वयात येताना सुरू झालेला असावा असं म्हणतात. नाटकवाल्यांनी त्याला कुबडा करून टाकला होता, प्रत्यक्षात एक खांदा वर दिसला असता इतकंच. आणि त्याच्याकडे मोबाईल नव्हता. :)

खडूस_आजोबा
राजाला धपाटा घालणार कोण?

दीड_पायरी
हा हा, हे मान्य.

हाडांचा_हिशोब
मी लहान मुलांच्या हाडांचा डॉक्टर आहे. इथे बसून कुणाची तपासणी होत नाही, तेव्हा पुढचं सगळं सर्वसाधारण समजून वाचा.

आधी दप्तर. जड दप्तराने पाठ आणि मान दुखते, ते हलकंच असावं, पण त्याने स्कोलिओसिस, म्हणजे हा असा बाक, होतो असा पुरावा नाही. बसण्याचंही तेच. पोक काढून बसणाऱ्या मुलाला ताठ बस म्हटलं की ते ताठ होतं. स्कोलिओसिसमध्ये मणके बाजूला झुकतात आणि त्याच वेळी स्वतःभोवती फिरतात, त्यांना जोडलेल्या बरगड्या त्यांच्याबरोबर फिरतात, म्हणून वाकल्यावर एक बाजू उचललेली दिसते. ती ताठ बसून जात नाही आणि धपाट्यानेही नाही. ताईंनी घरी जे केलं ती अॅडम्स टेस्टच, विल्यम अॅडम्स या सर्जनने १८६५ मध्ये सांगितलेली, आजही पहिली तपासणी तीच. एक्सरेवर कॉब अँगल (वळणाच्या दोन टोकांच्या मणक्यांमधला कोन) १० डिग्री किंवा त्याहून जास्त भरला तर आम्ही स्कोलिओसिस म्हणतो, त्याच्या आतलं धरत नाही.

आता मूळ प्रश्न. पाठीचा बाक हे वरून दिसणारं चिन्ह, त्याच्या मागची कुळं वेगवेगळी. साधारण १० पैकी ८ केसेसमध्ये मागे दुसरा कुठलाच आजार सापडत नाही, आणि त्यात सगळ्यात मोठा गट १० वर्षांपुढच्या मुलामुलींचा. या वयात १०० मुलांमागे दोन-तीन जणांना १० डिग्रीच्या वरचा कर्व्ह असतो. छोटे कर्व्ह मुलगे-मुलींमध्ये जवळपास सारखेच, पण ३० डिग्रीच्या पुढे गेलात की मुलींची संख्या कितीतरी पट होते. उरलेल्या २० टक्क्यांत जन्मतःच मणके नीट न घडलेली मुलं, मेंदू-मज्जारज्जू-स्नायूंचे आजार असलेली मुलं आणि मार्फान, न्यूरोफायब्रोमॅटोसिस यांसारखे सिंड्रोम येतात. क्वचित लहानपणी कॅन्सरसाठी पोटा-छातीला रेडिएशन दिलेलं असतं किंवा छातीचं ऑपरेशन झालेलं असतं, त्यानंतर वाढीच्या वयात बाक येतो.

"शोधलंच नाही का" हा प्रश्न रास्त आहे. पण हा शोध बहुतेक वेळा डोळ्यांनी आणि हातांनीच होतो, मशीन नंतर. मूल १० वर्षांच्या आतलं आहे का, छातीतला कर्व्ह डावीकडे आहे का (नेहमीचा उजवीकडे असतो), झपाट्याने वाढतोय का, रात्री झोपमोड करणारं दुखणं आहे का, पायात अशक्तपणा किंवा लघवीवर ताबा जाणं असं काही आहे का. यातलं एक जरी हो असेल तर एमआरआय. एकही नसेल आणि तपासणी नॉर्मल असेल तर सरसकट एमआरआय करत नाहीत.

मोरपंखी_दुपार
डॉक्टर, मनापासून आभार. एवढं तिथे कुणी सांगितलं असतं तर धागाच काढला नसता. दुखत काहीच नाही तिला, उलट आम्हीच विचारून विचारून तिला वात आणलाय.

रबरबँड
आमची केस डॉक्टरांनी लिहिलेल्या जन्मजात गटातली. मुलगा दोन वर्षांचा असताना खोकल्यासाठी छातीचा एक्सरे काढला, खोकला साधाच निघाला पण रेडिओलॉजिस्टने खाली एक ओळ लिहिली होती, हेमिव्हर्टिब्रा. म्हणजे एक मणका अर्धाच बनलाय, पाचरीसारखा, त्यामुळे वरचा सगळा कणा एका बाजूला कलतो. आम्ही विचारलं काय खाल्लं-प्यायलं, काय चुकलं. तर म्हणे गर्भाच्या पहिल्या पाच-सहा आठवड्यांतच मणके घडतात, बऱ्याच जणींना तेव्हा दिवस गेलेत हेही धड कळलेलं नसतं.

पण मुद्दा पुढचा. त्याच काळात किडनी आणि हृदयही घडत असतात, म्हणून त्यांनी लगेच पोटाची सोनोग्राफी आणि हृदयाचा इको करायला लावला, आणि मज्जारज्जूसाठी एमआरआय. आम्ही चिडलो होतो, पाठीसाठी आलो आणि हे पोट काय तपासताहेत. सोनोग्राफीत कळलं की त्याला एकच किडनी आहे. उत्तम चालणारी, पण एकच. आता कुठल्याही डॉक्टरकडे गेलो की औषध लिहायच्या आधी आम्ही हे सांगतो. पाठीच्या एक्सरेमुळे कळलं, नाहीतर कधी कळलं असतं देव जाणे.

हाडांचा_हिशोब
रबरबँड, अगदी बरोबर केलं त्यांनी. जन्मजात बाक असलेल्या चार-पाच मुलांत एकाला मूत्रमार्गात काहीतरी वेगळेपण सापडतं, हृदयात त्याहून कमी जणांना, पण बघायचंच. ताईंच्या मुलीच्या एक्सरेत मणक्यांचा आकार नीट असेल तर या सगळ्याचा तिच्याशी संबंध नाही.

श्वासोच्छ्वास
इतकं घाबरवायची गरज नाही. माझ्या ओळखीतल्या एका मुलीचा ३८ डिग्रीचा कर्व्ह सहा महिने व्यायाम करून शून्य झाला. ऑपरेशनवाल्यांना हे नको असतं. व्यक्तिगत मेसेज करा, सांगतो.

एक्सरेवाली
शून्य?? मी रोज हे एक्सरे काढते. तोच एक्सरे दोन जणांनी मोजला तर उत्तरात पाच डिग्रीपर्यंत फरक पडू शकतो. मूल एका पायावर भार देऊन उभं राहिलं, झोपवून काढला, वेगळ्या मणक्यांवरून रेघ मारली, तर आकडा बदलणारच. म्हणून २४ चा २७ झाला म्हणून रडू नका आणि २१ झाला म्हणून पेढे वाटू नका, पाचच्या पुढे गेला तर खरा बदल धरा. आणि जुनी फिल्म प्रत्येक वेळी बरोबर न्या, फक्त रिपोर्ट नको.

ज्यांना रेडिएशनची भीती वाटते त्यांच्यासाठी : पाठीकडून किरण सोडून काढलेल्या एक्सरेत वाढत्या मुलींच्या छातीला कमी डोस लागतो. आमच्याकडे नेहमी तसाच काढतात, तुमच्याकडे विचारून घ्या, विचारल्याचा कुणाला राग येत नाही.

संपादक_मंडळ
श्वासोच्छ्वास यांच्या पुढच्या प्रतिसादातली पट्ट्याची लिंक उडवली आहे. हा विभाग जाहिरातीसाठी नाही.

चष्मेबद्दूर
अरेरे, मी दोन मागवणार होतो, एक स्वभावासाठी.

वळणवाट
माझा स्वतःचा अनुभव. मी आता ३४, न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाईप १. लहानपणापासून अंगावर दुधाच्या चहाच्या रंगाचे डाग, आई म्हणायची जन्मखुणा आहेत. काखेत बारीक ठिपके. दहाव्या वर्षी पाठ वाकडी दिसायला लागली तेव्हा ज्या डॉक्टरांनी पाठ बघायला शर्ट काढायला सांगितला ते पाठीऐवजी डागच मोजत बसले. सहा किंवा जास्त असले तर विचार करायचा असतो, माझे कितीतरी होते. या आजारात एक बाक साधा असतो, इतर मुलांसारखा, आणि एक वेगळाच असतो, लहानशा भागात टोकदार वळण, मणके झिजल्यासारखे, बरगड्या पेन्सिलीसारख्या बारीक. तो दुसरा झपाट्याने वाढतो आणि ब्रेसला (धडाभोवती घालायचं कडक कवच) दाद देत नाही. माझा दुसरा होता, त्यामुळे लवकर ऑपरेशन झालं. ताई, मुलीच्या अंगावर डाग नसतील तर हा प्रतिसाद विसरून जा.

मोरपंखी_दुपार
आत्ताच तिला उठवून बघितलं. एक तीळ आहे. झोपेत शिव्या खाल्ल्या.

पाटीपेन्सिल
:))) मीही हेच केलं असतं.

माझा भाऊ सहा फूट तीन इंच, हातपाय लांबच लांब, बोटं तर विचारू नका, आणि छाती आत गेलेली. बाक होता म्हणून ऑर्थोकडे नेला, त्यांनी चष्म्याचा नंबर विचारला, मग दोन्ही हात आडवे पसरायला लावून टेपने माप घेतलं. उंचीपेक्षा हातांचं माप जास्त. तिथून हृदयाच्या डॉक्टरकडे, इकोमध्ये महाधमनी रुंदावलेली. मार्फान. या लोकांत निम्म्याहून जास्त जणांना स्कोलिओसिस असतो म्हणे. पाठ राहिली बाजूला, आता गोळ्या आणि दर वर्षी इको, आणि वजन उचलण्याचे व्यायाम बंद. सांगायचा उद्देश घाबरवणं नाही, पण डॉक्टरने हात पसरायला सांगितले तर ते उगाच नाही एवढं लक्षात ठेवा.

अंगणातली_खुर्ची
हे सगळं वाचतेय दोन दिवस. लिहू की नको असं चाललं होतं.

माझा मुलगा १५ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी, चालत नाही. त्याचा कर्व्ह ७८ आहे. आमच्याकडे "कारण काय" हा प्रश्न कधी पडलाच नाही, स्नायू दोन्ही बाजूंनी सारखं ओढत नाहीत, कण्याला धरून ठेवायला ताकद नाही, त्यामुळे तो कोसळत जातो. लांबलचक एकच वळण, थेट कमरेच्या हाडापर्यंत, म्हणून बसल्यावर ढुंगणाच्या एकाच बाजूवर सगळा भार. रोज संध्याकाळी त्या बाजूची कातडी हाताने चाचपून बघावी लागते, लाल झालीय का, गरम लागतेय का. ब्रेस आहे पण तो कर्व्ह थांबवायला नाही, त्याला नीट बसता यावं, हात मोकळे राहावेत म्हणून. इथे बरेच जण डिग्री डिग्री करताय, आमच्याकडे मोजायची गोष्ट वेगळी, किती वेळ आरामात बसला, छातीत कफ किती वेळा झाला.

आमच्या ग्रुपमध्ये ड्युशेनची मुलं आहेत, एसएमएची आहेत (दोन्ही स्नायू दुबळे होत जाण्याचे आनुवंशिक आजार), पाठीच्या फटीसह जन्मलेली आहेत. ड्युशेनमध्ये चालणं बंद होऊन व्हीलचेअर आली की बाक वाढायला लागतो, आता स्टेरॉईड लवकर सुरू करतात त्यामुळे तो लांबतो, कमी जणांना होतो. ही माहिती कुणाला उपयोगी पडली तर पडो.

हाडांचा_हिशोब
खूप महत्त्वाचा प्रतिसाद. या मुलांची पाठ बघताना फुफ्फुसं, पोषण, बसण्याची खुर्ची हे सगळं एकत्र बघावं लागतं, आणि इथे बाक मोठेपणीही वाढत राहतो, उंची थांबली म्हणून थांबत नाही.

मोरपंखी_दुपार
अंगणातली_खुर्ची, तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत. काय बोलू कळत नाहीये.

अंगणातली_खुर्ची
काही बोलायची गरज नाही हो. तुमचा प्रश्न तुमच्या जागी मोठाच आहे.

घुंगरू_नाही_ना
अवांतर. मुलगी जिम्नॅस्टिक्स करते आणि तिच्या क्लासमध्ये बाक असलेल्या मुली जरा जास्तच वाटतात. मी आणि बाकीच्या आया आपसात बोलत असतो, क्लासमुळे होतं का?

हाडांचा_हिशोब
निरीक्षण बरोबर आहे. रिदमिक जिम्नॅस्टिक्स आणि बॅले करणाऱ्या मुलींमध्ये प्रमाण जास्त दिसलंय. पण उलगडायला अवघड, कारण तिथे टिकतात त्याच मुली ज्यांचे सांधे मुळात सैल, अंगाने बारीक, आणि पाळी उशिरा येते. उशिरा पाळी म्हणजे वाढीचा काळ लांबलेला. म्हणजे खेळाने बाक आला की बाक येण्यासारखी शरीरं त्या खेळात निवडली गेली, हे वेगळं काढता येत नाही. बाक आहे म्हणून खेळ बंद करायची मात्र गरज नसते.

पाटीपेन्सिल
आणि उसेन बोल्टलाही स्कोलिओसिस आहे, त्याने स्वतः सांगितलंय. पळणाऱ्यांनी पळत राहावं.

तळ्यात_मळ्यात
एक वेगळीच केस टाकतो. धाकट्या भावाला १६ व्या वर्षी पाठ दुखायला लागली आणि महिन्याभरात तो एका बाजूला वाकून चालायला लागला. दुखणं रात्रीचं, झोपेतून उठवणारं. साधी वेदनाशामक गोळी घेतली की जादू झाल्यासारखं गायब. एका ठिकाणी स्कोलिओसिस आहे सांगून व्यायाम दिले, तो व्यायाम करून अजून वाकडा. दुसऱ्या डॉक्टरांनी फक्त एवढंच विचारलं, रात्री दुखतं का आणि गोळीने थांबतं का. सीटी केला तर मणक्याच्या मागच्या भागात जेमतेम सेंटीमीटरभर गाठ, ऑस्टिऑइड ऑस्टिओमा. कॅन्सर नाही. सुईने आत जाऊन उष्णतेने जाळली. दुखणं लगेच गेलं, आणि काही महिन्यांत पाठ आपोआप सरळ.

म्हणून मुलांचा बाक जर खूप दुखत असेल तर तो नुसता बाक समजू नका.

दीड_पायरी
हे माहीत नव्हतं. म्हणजे उलटं आहे, दुखत नाही ही चांगली बातमी.

हाडांचा_हिशोब
बरेच जण थोडं फार दुखतं म्हणतात, त्यात विशेष नाही. रात्रीचं, एका जागी बोट ठेवून दाखवता येणारं आणि वाढत जाणारं, ते शोधायचं.

असाच अजून एक भास : दोन्ही पायांच्या लांबीत फरक असेल तर उभं राहिल्यावर कंबर तिरकी होते आणि वर कणा वळतो. बसवलं की वळण गायब. त्याला बुटात उंची दिली की काम झालं, ते खरं स्कोलिओसिस नाही.

खडूस_आजोबा
आता माझंच ऐका. वय ७१. तरुणपणी पाठ सरळ होती, त्या धपाट्यांमुळेच असं मी मानतो. आता एक्सरेत लिहिलंय डीजनरेटिव्ह स्कोलिओसिस, २२ डिग्री. थोडं चाललं की दोन्ही पिंढऱ्या भरून येतात, बसलं की बरं वाटतं, सामानाच्या ढकलगाडीवर वाकून चाललं तर कितीही चालतो. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं की मणक्यांमधल्या चकत्या आणि सांधे एका बाजूने जास्त झिजले, कणा तिकडे कलला आणि आतली नसांची जागा अरुंद झाली. हाडं ठिसूळ आहेत का तेही तपासायला लावलं. यात मुलांसारखा ब्रेस बिस काही नाही, फिजिओ चालू आहे.

चष्मेबद्दूर
आजोबा, धपाट्यांची वॉरंटी संपली वाटतं. (हलके घ्या.)

खडूस_आजोबा
तुला एक फ्री देतो, ये समोर.

मोरपंखी_दुपार
सगळ्यांचं वाचून परत अपॉइंटमेंट घेतली, दुसऱ्या डॉक्टरांकडे, या वेळी प्रश्न कागदावर लिहून नेले. त्यांनी काय काय बघितलं ते लिहिते म्हणजे पुढच्यांना उपयोगी पडेल.

कातडी बघितली. हात पसरून माप. अंगठा मागे किती वळतो ते. पावलांची कमान दोन्हीकडे सारखी आहे का. टाचांवर आणि चवड्यांवर चालायला लावलं. मग तिला आडवी करून एका बोथट काडीने बेंबीच्या भोवती चारही बाजूंनी हलकी रेघ ओढली, रेघेकडे बेंबी किंचित सरकते, ती दोन्ही बाजूंनी सारखी सरकली. म्हणाले एका बाजूने सरकली नसती तर एमआरआय सांगितला असता, मज्जारज्जूत पाण्याची पोकळी असते तिचा कधी कधी तेवढाच इशारा असतो. लेकीला गुदगुल्या झाल्या आणि ती इतकी हसली की परत करावं लागलं.

मग घराण्यात कुणाला आहे का विचारलं. मी नाही म्हणाले, आणि सासूबाई शेजारून म्हणाल्या, माझ्या बहिणीला होता की. इतके दिवस दप्तर दप्तर करत होत्या!

एमआरआय नको म्हणाले. पण एक सांगितलं जे आधी कुणी सांगितलं नव्हतं. कारण सापडलं नाही तरी पुढचा धोका कशावर अवलंबून आहे ते माहीत आहे : वाढ किती शिल्लक. पाळी आलेली नाही, रिझर १, म्हणजे उंची अजून भराभर वाढणार, आणि कर्व्ह त्याच काळात पळतो.

हाडांचा_हिशोब
तुमचे डॉक्टर योग्य बोलले. १९८४ मधला लॉन्स्टीन आणि कार्लसन यांचा जुना पण अजून वापरात असलेला अभ्यास आहे, त्यात २० ते २९ डिग्री आणि रिझर ० किंवा १ असलेल्यांपैकी ६८ टक्क्यांचा कर्व्ह वाढला, तेवढाच कर्व्ह पण रिझर २ ते ४ असलेल्यांत २३ टक्के. म्हणून चार महिन्यांची तारीख चुकवू नका. काही जण अशा वेळी आत्ताच ब्रेस सुरू करतील, काही जण एक एक्सरे थांबतील, दोन्ही चालतं.

घराण्याचंही खरं आहे. एका बीजाच्या जुळ्यांमध्ये दोघांनाही असण्याचं प्रमाण दोन बीजांच्या जुळ्यांपेक्षा बरंच जास्त असतं, म्हणजे अनुवंशाचा हात नक्की आहे, पण एकच जीन पकडून दाखवता येत नाही.

रबरबँड
ब्रेसचा खरंच उपयोग होतो का? आमच्याकडे मतं दोन टोकांची.

हाडांचा_हिशोब
होतो, घातला तर. २०१३ मध्ये मोठा अभ्यास आला, ब्रेस घेतलेल्यांपैकी ७२ टक्के मुलं ५० डिग्रीच्या आत राहून वाढ पूर्ण करू शकली, नुसतं लक्ष ठेवलेल्यांपैकी ४८. आणि ब्रेसच्या आत तापमान मोजणारं यंत्र बसवलं होतं त्यामुळे कोण किती तास घालतंय ते कळलं, रोज सरासरी १३ तासांच्या आसपास किंवा जास्त घालणाऱ्यांत ९० टक्क्यांच्या वर यश. दुसऱ्या बाजूने बघितलं तर त्या ४८ टक्क्यांना ब्रेस नसताही चाललं असतं, कोण ते आधी सांगता येत नाही. ब्रेस बाक सरळ करत नाही, वाढू देत नाही, हे मुलीला आधीच सांगा. व्यायामांबद्दल वर वाद झाला, श्रॉथ पद्धत म्हणून आहे, काटारिना श्रॉथ या जर्मन बाईंनी १९२१ च्या सुमारास स्वतःच्या बाकावरून सुरू केलेली, शिकलेल्या फिजिओकडून ब्रेसच्या जोडीला करायला चांगली. ब्रेसच्या ऐवजी नाही आणि शून्यासाठी तर नाहीच.

वळणवाट
ब्रेसच्या आत बिनशिवणीचा, घट्ट बसणारा सुती बनियन घाला, सुरकुती पडली की तिथेच कातडी सोलते. आणि ऑपरेशनचं भय घेऊन बसू नका, ब्रिटनच्या राजघराण्यातली युजिनी, तिचं १२ व्या वर्षी झालं होतं आणि २०१८ मध्ये लग्नात मुद्दाम मागून खोल गळ्याचा ड्रेस घातला, व्रण दिसावा म्हणून.

मोरपंखी_दुपार
अपडेट, चार महिन्यांनी. ३० डिग्री. जुनी फिल्म शेजारी ठेवून त्याच मणक्यांवरून मोजला, एक्सरेवाली ताई, तुमच्यामुळे. मधल्या काळात उंची चांगलीच वाढली. ब्रेस सुरू केलाय, १८ तास सांगितलेत, शाळेत घालून जाते, पीटीला काढते. पहिला आठवडा रडारड, आता त्यावर स्टिकर चिकटवून झालेत. नणंदेला २०१३ च्या अभ्यासाचे आकडे तोंडपाठ झालेत, येणाऱ्या-जाणाऱ्याला तीच सांगते.

एक्सरेवाली
मस्त. पुढचा एक्सरे ब्रेस घालून की काढून ते आधी विचारून ठेवा, काढून असेल तर किती तास आधी काढायचा तेही. नाहीतर आकड्यांची तुलना होत नाही.

नवी_सही
धागा जुना आहे पण विचारते. मोठ्या मुलीला याच महिन्यात निघाला, १८ डिग्री. धाकटी ९ वर्षांची, तिचाही एक्सरे काढून ठेवू का?

हाडांचा_हिशोब
नुसता संशय म्हणून एक्सरे नको. दर चार-सहा महिन्यांनी पाठमोरी वाकवून बघा, खांदे आणि कमरेचे खळगे सारखे आहेत का बघा, उंचीची नोंद ठेवा. बरगड्या एका बाजूने उचललेल्या दिसल्या तर दाखवा. मोठीचं वय आणि पाळीचं काय ते लिहा, १८ वर त्यावरूनच ठरेल.

नवी_सही
१४ पूर्ण, पाळी येऊन दोन वर्षं होत आली.

हाडांचा_हिशोब
मग वाढीचा जोराचा काळ बराचसा सरला असणार. रिझर किती लिहिलाय ते रिपोर्टमध्ये बघा, पण दिसतंय ते बरं दिसतंय.